वातीपुरता कापूस

आमच्या ह्यांना क्रांतीचं भारी वेड. कोणाला भजी आवडतात, कोणाला तमाशा, ह्यांना क्रांती. लग्न होऊन मी सासरी आले, अंगाची हळदही निघाली नव्हती, तर पहिल्याच आठवड्यात मला विचारतात, "फ्रान्सातले लोक राजावर काऊन उठले, माहीत आहे का तुले?" मी म्हटलं, "ते मागून सांगा. आधी तुमच्या घरात मीठ कुठं ठेवतात ते सांगा, वरण आळणी झालंय." मीठ कुठं असतं ते ह्यांना माहीत नव्हतं. फ्रान्स मात्र खडानखडा पाठ.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. मोठं सरकार नागपुरात, जिल्ह्याचे साहेब बुलढाण्याच्या थंड हवेत. तिथून घाट उतरून, सारं काळं रान ओलांडून, संग्रामपूरच्या पल्याड सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावात पोचेपर्यंत त्या सरकारातला एका कोतवालाचा पट्टा तेवढा उरायचा. हे अमरावतीला मॅट्रिकपर्यंत शिकलेले, गणितात दोनदा गचकलेले, आणि तिकडून खादीचे दोन सदरे आणि क्रांतीवरची चार पुस्तकं घेऊन परतलेले. दर शनिवारी मारुतीच्या पारावर ह्यांचं भाषण. माणूस पोटासाठी उठतो, हा ह्यांचा सिद्धांत. पोट रिकामं झालं की माणूस पेटलाच म्हणून समजा, असं म्हणायचे. पुढ्यात बसलेले लोक मान डोलवायचे.

"हाव मालक, खरं हाये."

"मग उठायचं ना?"

"उठू ना. पह्यले ज्वारी सोंगून घेऊ."

हे घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, ह्या गावात काही क्रांती व्हायची नाही.

झाली की! आणि ती ह्यांनी नाही केली, मी केली. दोन शब्दांत केली, आणि तीही माझ्याच विरुद्ध. कशी ते सांगते.

मी घाटावरची. देऊळघाटला माझ्या वडिलांचा भाजीचा मळा. वांगी, मिरच्या, मेथी, कोथिंबीर, सगळं पहाटे उपटून बुलढाण्याच्या बाजारात न्यायचं. मी त्या मळ्यात वाढले. चौथी पास झाले आणि मग परत मळ्यातच. त्यामुळे सासरी येऊन चुलीपुढे बसले की मला गुदमरायला व्हायचं. भाकरी थापताना नजर सारखी दाराबाहेर. त्यात मी पहिल्यापासून तापट. भांडं हातातून निसटलं तरी मी भांड्यावर ओरडते.

सासरे मी येण्याआधीच गेले होते. शेत होतं सासूबाईंच्या हातात. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बुटक्या, गोऱ्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. पेरणीपासून कापसाच्या शेवटच्या वेच्यापर्यंत त्या स्वतः शेतात उभ्या असायच्या. पण मी आले त्या वर्षी पावसाळ्यात त्यांचे गुडघे धरले, ते काही सुटेनात. कापूस फुटायला लागला तशी पहिल्या दिवशी त्या कशाबशा बैलगाडीत बसून शेतात गेल्या, पऱ्हाटीच्या पहिल्या झाडापुढे दहीभात ठेवला, हात जोडले, आणि तिथंच मला म्हणाल्या, "हा वेचा आता तुया हाती. दिवाळीच्या आत कापूस घरी आणला, तर शेताच्या चाव्या तुया कमरेले. नाई जमलं तर तू हाये अन् चूल हाये."

मला काय झालं म्हणून सांगू! मी मनातल्या मनात चुलीला रामराम ठोकला. दिवाळी उशिरा होती त्या वर्षी, दहा दिवस हातात होते, आणि शेत नुसतं पांढरं होऊन राहिलं होतं. भीती एकच, आभाळाची. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो काळा पडतो, मातीत लोळतो, आणि मग खामगावच्या बाजारात त्याला कोणी कुत्रं विचारत नाही.

वेचायला चौदा बाया. त्यांची म्होरकी साठीच्या आसपासची, काळी, उंच, तोंडात कायम सुपारीचं खांड. मी तिला मावशी म्हणायची. बाकीच्या बायांनी कोणत्या तासाला, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीला, लागायचं, पाणी कधी प्यायचं, कोणाच्या पोराला झाडाखाली कोण बघेल, हे सगळं ती ठरवायची. वेचताना तिचे दोन्ही हात वेगवेगळ्या झाडांवर चालायचे आणि तोंड तिसऱ्याच कोणाची तरी टवाळी करत असायचं. पहिल्या दिवशी माझा हात धरून तिनं मला दाखवलं, बोंडाच्या टोकाला बोट न लावता कापूस कसा ओढून घ्यायचा. "घाटावर असं नसते काय वं सूनबाई?" म्हणाली. "घाटावर वांगी असतात," मी म्हटलं. त्यावर सगळ्या बाया दिवसभर हसल्या. मला त्या आवडल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे मी केलं ते त्या आवडत नव्हत्या म्हणून नाही केलं.

वेचताना लुगड्याचा घोळ कमरेला खोचून पुढे झोळी करतात, ती ओटी. ओटी भरली की धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, ढिगावर रिकामी करायची आणि परत तासाला लागायचं. पहिल्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की दिवसाची शेवटची ओटी कोणीच पूर्ण रिकामी करत नाही. ढिगावर झुकायच्या, कापूस लोटायच्या, आणि तळाशी एक मूठ तशीच राहायची. मग पदर सावरत, गप्पा मारत घरी. दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. चौदाच्या चौदा जणींच्या ओटीत एकेक मूठ. तिसऱ्या दिवशी माझं डोकं तापलं. माझ्या वडिलांच्या मळ्यात निंदायला येणाऱ्या बायांना वडील संध्याकाळी स्वतःच्या हातानं मेथीची जुडी द्यायचे. दिल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नसे. आणि इथं पाहा, मला हसून सूनबाई म्हणतात आणि माझ्याच डोळ्यांदेखत उचलून नेतात! मला वाटलं, नवीन आहे, घाटावरची आहे, हिला काय कळतंय, असं समजून मला खुळ्यात काढतात. आत्याबाईंना विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर हिला एवढंही सांभाळता येत नाही असं झालं असतं. चाव्यांचा प्रश्न होता ना!

चौथ्या संध्याकाळी मी धुऱ्यावर, जिथून बाया बाहेर पडतात तिथं, कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "ओट्या झाडा."

झाले की दोन शब्द.

म्होरकी पुढे होती. "काय म्हणलं सूनबाई?"

"ओट्या झाडून दाखवा. सगळ्या जणी. मग जा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही भांडेल, आणि मी भांडायला अगदी तयार होते, चार वाक्यं जुळवूनही ठेवली होती. तिनं तोंडातलं सुपारीचं खांड थुंकलं, ओटीचा खोचलेला काठ सोडला आणि लुगडं झटकलं. मूठभर कापूस काळ्या मातीत पडला. मागचीनं झटकलं. तिच्या मागचीनं झटकलं. चौदा मुठी पडल्या. ओळीनं सगळ्या गावाकडे निघून गेल्या. तो सगळा कापूस मी वेचून टोपल्यात टाकला, तर टोपल्याचं बूडही नीट झाकलं नाही. तरी मी लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

आत्याबाई देवापुढे बसल्या होत्या. मी सगळं रंगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "झाडायले लावल्या?"

"हो."

"सगळ्यायले?"

"सगळ्यांना! एकीला सोडलं नाही."

"बरं," म्हणाल्या आणि जपमाळ ओढायला लागल्या. त्या "बरं"कडे मी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात मला दिसलं की देवापुढची समई भकाभका धूर ओकते आहे. वाकून पाहिलं तर कापसाची वात नाही, जुन्या धोतराची चिंधी पिळून घातलेली. मी म्हटलं, "आत्याबाई, अहो खोली कापसानं भरलीय, आणि देवापुढे चिंधी?" त्या म्हणाल्या, "राहू दे." म्हातारपणी माणूस चिक्कू होतं, असं मी मनात म्हटलं आणि पानं वाढायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची घागर घेऊन शेतात उभी. कोणी येईना. उन्हं वर आली, पाखरं उडाली, पांढऱ्याशुभ्र शेतात मी एकटी. दुपारी हे धावत आले. सदऱ्याची गुंडी तुटलेली, चेहरा नुसता उजळलेला.

"अवं, संप झाला! आपल्या गावात संप! बायांनी केला! मी म्हणत नव्हतो का?"

"कोणाच्या शेतात?" मी विचारलं.

"कोणाच्या म्हणजे..." ह्यांनी रिकाम्या शेताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि धुऱ्यावर मटकन बसले.

मग ह्यांची जी ओढाताण झाली ती काय सांगावी! इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती दारात आली, आणि दार आपलंच. शेवटी ह्यांनी ठरवलं की आपण जनतेच्या बाजूनं. दौत, टाक, कागद घेऊन बायांच्या आळीत गेले. म्होरकी दारात बसून सूप विणत होती. हे म्हणाले, "तुमच्या मागण्या सांगा. मी लिहून घेतो."

"मागण्या नाईत."

"मजुरी वाढवून पाहिजे?"

"नाई."

"दुपारची सुट्टी?"

"ते तर हायेच ना."

"मग पाहिजे तरी काय तुम्हाले?"

"काईच नाई पाह्यजे, मालक. तुमच्या शेतात यायचं नाई, बस."

कोरा कागद घेऊन हे घरी आले. त्या रात्री ह्यांनी चारही पुस्तकं चाळली. एकाही पुस्तकात मागणी नसलेली क्रांती नव्हती. "ह्यायचं पोट भरलेलं आहे," ह्यांनी मला समजावलं, जणू मीच तो सिद्धांत मोडला होता, "ज्वारी चांगली झाली आहे, काम आहे, मग उठल्या काऊन?" मी म्हटलं, "मला काय विचारता? फ्रान्सला विचारा."

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीच्या शेतांतल्या टोळ्याही घरी बसल्या. आज त्यांच्या ओट्या झाडायला लावल्या, उद्या आपल्या लावतील, असं बायांचं म्हणणं. अख्ख्या गावाचा कापूस झाडावर लटकलेला. बाकीचे शेतकरी येऊन आमच्या ओसरीवर बसायचे, नुसते आभाळाकडे बघायचे. उत्तरेकडे सातपुड्यावर खरंच ढग धरले होते. पाटलाचा निरोप आला, मिटवा. कोतवाल चौकशीला आला, त्याला चहा पाजला, चहा पिऊन तो म्हणाला, "माह्यी बायको बी त्यायच्यातच हाये हो," आणि निघून गेला.

मी आत्याबाईंसमोर जाऊन फतकल मारली. "एवढ्याशा मुठीसाठी एवढं?"

"त्या मुठीची त्या वात करतात," त्या म्हणाल्या. "देवाची. दिवसभर वेचलं का शेवटची मूठ देवाची. माह्या सासूच्या वेळेपासून पाह्यतो मी."

"अहो मग मला मागायची होती! मी काय नाही म्हटलं असतं?"

"आपलंच आपण मागते का वं कोणी?"

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं काय?"

मला स्वतःचा असा राग आला की बोलता सोय नाही. आणि राग आला की मी लगेच उठून काहीतरी करते, ते बहुतेक चुकतं. मी खोलीतला सगळ्यात स्वच्छ, लांब धाग्याचा कापूस काढला, टोपलं शीग लावून भरलं, डोक्यावर घेतलं आणि दिवेलागणीच्या वेळी बायांच्या आळीत गेले. सगळ्यांना पुरून उरेल एवढा कापूस होता. म्होरकीच्या दारात टोपलं उतरवलं.

"मावशी, हा घ्या. वातींसाठी. सगळ्यांना वाटा."

तिनं टोपल्याकडे पाहिलं. "कोणाचं हाये हे?"

"आमचं."

"मंग घेऊन जाय वं माय. तुमचं आमाले कायले?"

तिच्या मागे घरात देवाचा कोनाडा दिसत होता. पणती होती, पणतीत तेल होतं, वात नव्हती. मी शेजारच्या दारातून डोकावले, तिथंही तेच. पुढच्या घरी तेच. सबंध आळी अंधारात. तिन्हीसांजेला एकाही घरात दिवा नाही.

"मावशी, दिवाळी चार दिवसांवर आली. दिवाळीतही असंच?"

"आता काय करावं सूनबाई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. "चोरीची वात देवाले कशी लावा? आजवर आमाले ठावं नव्हतं ते चोरीचं हाये म्हणून. तू सांगतलं तवा समजलं."

मी ते जड टोपलं परत डोक्यावर घेऊन आले. रस्ताभर रडले. घरी समई तशीच धूर ओकत होती, चिंधी जळल्याचा वास घरभर.

संपाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी लुगडं खोचलं आणि एकटीच वेचायला गेले. चाव्या जाऊ देत खड्ड्यात, पण हा कापूस माझ्या दोन शब्दांनी झाडावर अडकलाय, तर माझ्या दोन हातांनी जेवढा निघेल तेवढा काढीन, असं ठरवून. मागोमाग हेही आले. म्हणाले, श्रमाला प्रतिष्ठा असते. चाळीस झाडांनंतर ह्यांची कंबर धरली. मग धुऱ्यावरच्या बाभळीखाली आडवे होऊन हे मला रशियातलं काहीतरी सांगत राहिले. मी ऐकलं नाही. बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात, आधी कळत नाही, मग पाण्याचा हात लागला की आग होते. मावशीनं दाखवलेलं सगळं हाताला आठवायला लागलं, पण तिच्यासारखं दोन झाडांवर दोन हात काही जमेना. ओटी भरत जाते तशी पोटाशी ऊब येते, मांडीवर झोपलेल्या लेकराची येते तशी. मला तर तेव्हा लेकरूही नव्हतं. पाठ मोडली होती, बोटं सुजली होती, तरी दुपार टळल्यावर मी चक्क गुणगुणायला लागले.

संध्याकाळी शेवटची ओटी ढिगावर रिकामी केली आणि धुऱ्याकडे वळले, तर समोर चौदाच्या चौदा बाया उभ्या. लाकडं गोळा करून येताना मुद्दाम वाट वाकडी करून आल्या होत्या, सूनबाईचा तमाशा बघायला. म्होरकी अगदी तिथं उभी, जिथं मी उभी होते. तिचे हात कमरेवर.

"ओटी झाड, सूनबाई."

मागे खसखस पिकली. माझं डोकं भडकलं. "झाडते ना! मला काय भीती? माझ्या ओटीत काय असणार?"

काठ सोडला, झटकलं, आणि मूठभर कापूस माझ्या पायावर पडला.

देवाशपथ सांगते, मला माहीत नव्हतं. मी ढिगावर झुकले, कापूस लोटला, आणि तळाशी पोचण्याआधीच हात थांबला. कोणी शिकवलं नाही, ठरवलं नाही. दिवसभर आपण कोणासाठी तरी वेचत असतो, घरासाठी, बाजारासाठी, आणि शेवटची मूठ आली की हाताला वाटतं, ही माझी. अख्खं शेत माझं होतं हो! तरी ती मूठ वेगळी होती. मी खाली बघतच राहिले. तोंड उघडं पडलं असणार, कारण पहिली म्होरकीच हसली.

"अवं माय वं! मालकीणच चोर निघाली!"

मग जे हसू फुटलं! बायांनी डोक्यावरच्या मोळ्या खाली टाकल्या. एक तर खाली बसून मांड्या बडवत हसत होती. बाभळीखालून हे दचकून उठले आणि "काय झालं? काय झालं?" करायला लागले, त्यावर आणखी हसणं. मीही हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले मला कळलं नाही. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. मी तुम्हाला चोर म्हणायला नको होतं."

"हाव, चुकलंच," ती म्हणाली. "सकाळी येतो आमी." एवढंच. त्यात ना अट, ना कागद.

पुढे ह्यांनी मला कितीदा तरी विचारलं, नेमकं कारण काय होतं? मी म्हणायची, तुमची पुस्तकं म्हणतात लोक पोटासाठी उठतात. उठतही असतील. पण उपाशी माणूस बहुतेक वेळा काम शोधायला जातो, त्याला उठायला सवड कुठं? माणूस उठतो ते त्याच्या मुठीतलं, ज्याबद्दल त्याला कधी विचार करावाच लागला नाही असं काहीतरी, तुम्ही त्याच्याचकडून मातीत टाकायला लावता तेव्हा. आणि टाकायला लावणाऱ्याला टोपल्याचं बूडही झाकत नाही एवढंच ते दिसतं. तुमच्या राजांनी आणि राण्यांनी कोणती मूठ झाडायला लावली ते तुमच्या पुस्तकवाल्यांना कोणी सांगितलंच नसेल. हे विचारात पडायचे. पारावरच्या भाषणात पुढे पुढे हे पोट कमी आणि मूठ जास्त बोलायला लागले. लोक तरीही ज्वारी सोंगायलाच जायचे.

ढग तसेच परत गेले. सगळ्या टोळ्या कामाला लागल्या, आमचा वेचा दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी घरात आला, आणि चाव्या माझ्या कमरेला लागल्या त्या आजतागायत आहेत. पण मला सांगायचं आहे ते त्याच हसण्याच्या संध्याकाळचं.

बाया मोळ्या उचलून निघाल्या, तेव्हा म्होरकी मागे राहिली. वाकली, मातीतला तो माझा कापूस उचलला, फुंकर मारून त्यातली माती आणि पाचोळा उडवला, आणि माझ्या ओटीत घातला.

"घरी ने. तुया सासूले दे. तीन दिस झाले तिच्या देवापुढं चिंधी जळून राह्यली."

मी चमकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मले नाई त कोणाले? तिचे गुडघे धरले, मंग औंदा वेचा लागला तवापासून तिची वात माह्याच ओटीतून जाते ना वं. रोज घरी जाता जाता मागच्या दाराच्या कोनाड्यात ठेवून जातो. अर्धी तिची, अर्धी माह्यी."

चौथ्या दिवशी धुऱ्यावर सगळ्यात आधी जी मूठ मी मातीत झाडायला लावली, तिच्यात अर्धी आमच्याच देवाची वात होती. आणि आत्याबाईंनी खोलीभर कापूस असून त्यातल्या बोटभराला हात लावला नव्हता. आळीत जोवर दिवा नाही तोवर त्यांच्याही देवापुढे चिंधीच.

घरी आले, ती मूठ आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. "कोणं वेचला हा?"

"मी."

त्यांनी सरकी काढली, कापूस पिंजला, मांडीवर तळहातानं वळून दोन लांब वाती केल्या. एक समईत घातली, लावली. धूर नाही, काजळी नाही, ज्योत सरळ उभी राहिली. मी हात जोडायला लागले, तर त्यांनी दुसरी वात माझ्या हातात ठेवली. "उभी काऊन राह्यली? जाय ना. तिच्या घरी अजून अंधारच असंल."

मी अनवाणीच निघाले. म्होरकी दारात बसली होती. मी वात पुढे केली. बोटं अजून सुजलेलीच होती.

तिनं ती घेतली. कोणाची, म्हणून विचारलं नाही.